शिबिर राहू द्या, डॉक्टरसाहेब. आमचा डॉक्टर परत द्या

प्रति,
मा. डॉक्टरसाहेब,
विधानसभा सदस्य

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फाटकावर तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला आहे. ‘भव्य महाआरोग्य शिबिर’, आणि खाली गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला तुमचा फोटो. त्याच आठवड्यात केंद्रातल्या एकुलत्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याची प्रतिनियुक्ती जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. आदेश मी वाचला. संदर्भात दुसऱ्या नंबरला ‘मा. लोकप्रतिनिधी यांचे शिफारसपत्र’ असं आहे आणि ते पत्र तुमचं आहे. मंजूर पदं दोन. एक आधीपासून रिकामं, दुसरं आता कागदावर भरलेलं आणि खुर्चीत रिकामं. म्हणजे ज्या आवारात तुम्ही एका दिवसासाठी गाड्या भरून डॉक्टर आणणार, तिथं मांडव उतरला की पेशंटच्या छातीला नळी लावायलाही कुणी उरणार नाही.

आधी फोनच केला होता. तुमच्या पीएनं सांगितलं, “साहेब मुंबईला आहेत मावशी, काय असेल ते व्हॉट्सअ‍ॅप करा.” म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅपच करायचं तर एकट्या तुम्हाला कशाला, सगळ्या तालुक्याला करू. म्हणून हे उघडं पत्र.

मी कोण ते तुम्हाला सांगायला नको, वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी निवृत्त आरोग्य सेविका. गाव नर्सबाई म्हणतं, तुम्ही सिस्टर म्हणायचा. नोकरी सगळी बालाघाटाच्या ह्याच पट्ट्यात गेली, उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात आणि तांड्या-वस्त्यांवर. तुमचं नाव मी लिहीत नाही. तालुक्यात ते सांगावं लागत नाही, आणि तालुक्याबाहेरही हे पत्र लागू पडेल असे डॉक्टर-पुढारी आहेत. त्यांनी ते आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं.

मराठवाड्याला डॉक्टर पुढाऱ्यांचं नवल नाही. नांदेडचे डॉ. व्यंकटेश काब्दे १९८९ साली जनता दलाकडून लोकसभेत गेले. केजच्या डॉ. विमल मुंदडा राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या. डॉ. भागवत कराड २०२१ मध्ये केंद्रात अर्थ राज्यमंत्री झाले. २०२४ ला लातूरकरांनी डोळ्यांचे डॉक्टर शिवाजी काळगे यांना दिल्लीला पाठवलं. पक्ष निरनिराळे, पण डॉक्टरला मत देण्यामागं लोकांचा एक साधा हिशेब असतो. ह्या माणसानं आपली नाडी धरलीय, आपल्या घरी बाजेवर बसून चहा प्यालाय, ह्याला आपलं दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. तुम्हालाही आम्ही तोच हिशेब करून निवडून दिलं.

तुम्ही अंबाजोगाईला शिकलात. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ते ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय खेड्यापाड्यांसाठीच निघालं. तुमच्या बरोबरचे बरेच जण पुणे-औरंगाबाद गाठून मोकळे झाले. तुम्ही बाजारगल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन पाटी लावलीत. बाहेर लाकडी बाक, आत पडदा, पडद्यामागं तपासायचं टेबल. उधारीची लाल वही होती. दिवाळीला नवी वही आली की जुन्या वहीतली येणी तिच्यात उतरवायची नाहीत, असं तुम्ही कंपाउंडरला बजावून ठेवलं होतं. लोकांना ते ठाऊक होतं, तरी सुगी झाली की बाया पिशवीत हुलगे, करडई घेऊन दवाखान्याच्या दारात उभ्या राहायच्या.

मला तुमचं पटलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीमुळं. जूनचा पहिला पाऊस झाला की आपल्याकडं गॅस्ट्रोची लागण ठरलेली. बाकीचे डॉक्टर सलाईनच्या बाटल्या मागवून ठेवायचे, कमाईचा हंगामच तो. तुमचा मला निरोप यायचा, “सिस्टर, ओटी टेस्ट केली का?” मग मी नळाच्या, आडाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून बघायची. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. तसंच राहिलं तर क्लोरीनच्या टीसीएल पावडरसाठी सरपंचाशी भांडायला जायचं. तुम्ही बाकावरचे पेशंट थांबवून माझ्याबरोबर ग्रामपंचायतीत यायचा. तिथं एकदा म्हणालात, “गॅस्ट्रो सलाईननं हटत नाही, टाकी धुतली की हटतो. टाकी धुवायचा अधिकार मला नाही, तुम्हाला आहे.” तुमचं राजकारण तिथंच सुरू झालं असं मी समजते.

किल्लारीचंही लिहिलं पाहिजे, नव्या पोरांना ते माहीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. रात्री गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. चार वाजायच्या आत दगडमातीच्या भिंती आणि वरची माळवदं अंगावर आली, जवळजवळ आठ हजार माणसं गेली. आम्हा सेविकांना तिकडं पाठवलं होतं. तुम्हाला कुणी पाठवलं नव्हतं. दवाखान्याला कुलूप घालून, राजदूत मोटरसायकलच्या मागं औषधांची पेटी बांधून तुम्ही आलात. एका म्हातारीच्या मांडीची जखम तुम्ही बत्तीच्या उजेडात शिवत होता आणि बत्ती माझ्या हातात होती. सुन्न करायचं औषध संपत आलेलं. म्हातारी कण्हत नव्हती. नातू कुठाय, एवढंच विचारत होती. तुम्ही टाका घालता घालता तिलाच उलटं विचारत राहिलात, कितवीत आहे, मास्तर मारतो का, आंबा आवडतो का. तिला बोलतं ठेवलंत आणि शेवटचा टाका घातलात. मग बाहेर जाऊन पुष्कळ वेळ एकटेच उभे होता. परत येताना म्हणालात, एकट्यानं टाके घालून किती घालणार, यंत्रणा हातात पाहिजे.

तेव्हा दवाखाना चालत नव्हता म्हणून पुढारी झाला, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. तुम्ही राजकारणात गेलात ते बरोबर केलंत. जिल्हा परिषदेला उभे राहिलात तेव्हा मी सरकारी नोकर, मला प्रचारात येता येत नव्हतं. घरचे सगळे आले. आरोग्य सभापती झालात आणि काम दाखवलंत. उपकेंद्राला बाळंतपणाची खोली मिळाली, टाकी झाली. तुम्ही न सांगता यायचा आणि हजेरीपुस्तकाआधी औषधाचं कपाट उघडायचा. आमच्यातल्या कामचुकारांना घाम फुटायचा, आम्हाला बरं वाटायचं. मग आमदारकी आली. पक्ष किती बदलले त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही, तो ज्याचा त्यानं ठेवावा. माझं गाऱ्हाणं दवाखान्याचं आहे.

पहिलं अर्थातच प्रतिनियुक्तीचं. साधारण ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सहा खाटा, बाळंतपण रात्री-अपरात्रीही व्हायला हवं, असा दंडक आहे. प्रतिनियुक्ती म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना सांगते. पद इथलं, पगार इथल्या पदावर, आणि माणूस कामाला दुसरीकडं. पद रिकामं झालं तर निदान वर कळवता येतं, जाहिरात निघते, बंधपत्रावरचा, म्हणजे शिक्षणानंतर सरकारी सेवेची अट असलेला, एखादा नवा पोरगा तरी मिळतो. प्रतिनियुक्तीत पद भरलेलंच दिसतं, त्यामुळं दुसरा माणूस मागायचीही सोय नाही. त्यात आपलं केंद्र जिल्हा परिषदेचं, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखालचं. एकाकडं गेलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. ही मेख तुम्हाला माहीत नाही असं थोडंच आहे? सभापती होता तुम्ही.

गेलेल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. भले माणूस. क्वार्टरच्या स्लॅबमधून पाणी गळतं, नळ कोरडा, बायकोची नोकरी जिल्ह्याला, पोरगी शाळेत जाणारी. त्यांनी आपली सोय मागितली. सोय करायचीच होती तर क्वार्टर दुरुस्त करून द्यायचं होतं. आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी आहे. आपल्या सर्कलमध्ये त्यातून सभामंडप झाले, कमानी झाल्या. एका कमानीच्या खर्चात क्वार्टर राहण्यासारखं होत नव्हतं का?

आता ह्या श्रावणातली गोष्ट. तुमच्यापर्यंत ती आली असेल तर कुणीतरी सोयीची करून सांगितली असेल, म्हणून मी बघितली तशी लिहिते. वस्तीवरचा एक पोरगा, सातवीतला, आईजवळ खाली अंथरुणावर झोपलेला. रात्री उठून पोटात दुखतंय म्हणाला. आईनं ओवा दिला. पहाटे त्याला थुंकी गिळता येईना, बोलणं जड झालं, तेव्हा मला उठवायला आले. मी हनुवटी धरून वर बघ म्हटलं. पोराच्या पापण्या उचलत नव्हत्या. अंगावर दाताची खूण नाही, सूज नाही. डॉक्टरसाहेब, पुढचं तुम्हाला सांगायला नको. मण्यार. पान लागलेलं, म्हणजे साप चावलेला, कळतसुद्धा नाही.

मोटरसायकलवर बाप आणि चुलता, मध्ये पोरगा, मागून मी दुसऱ्या गाडीवर. केंद्रात दिवा होता, सिस्टर होती, कपाटात सर्पदंशाची लस होती. डॉक्टर नव्हते. सकाळी मंत्र्यांचा दौरा होता आणि त्यांच्या ताफ्याच्या ड्युटीला आपले डॉक्टर केंद्राच्या अ‍ॅम्ब्युलन्ससकट आदल्या रात्रीच तालुक्याला गेले होते. त्या लसीची कधी कधी जबर रिअ‍ॅक्शन येते, डॉक्टर जवळ नसताना ती एकटीच्या जबाबदारीवर सोडायला सिस्टर तयार झाली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. १०८ ला फोन लावला, ती गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेवटी गावातली जीप काढली. केंद्रातली अंबू बॅग, हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, मी मागून घेतली होती. घाट उतरताना पोराचा श्वास मंद झाला आणि तिथून मोठ्या दवाखान्याच्या दारापर्यंत मी ती बॅग दाबत होते, बाप त्याचं डोकं धरून बसला होता.

पोरगा वाचला. व्हेंटिलेटरवर होता, मग उठला, आता बोलतो-चालतो. दवाखान्यानं पैसे घेतले नाहीत. पण जीपचं भाडं, इतके दिवसांचं राहणं-खाणं, बुडालेली मजुरी, ह्यासाठी बापानं मुकादमाकडून उचल घेतली. हे घर गेली दोन वर्षं कोयत्याला गेलं नव्हतं. यंदा दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला जाणार, आणि सांभाळायला कुणी नाही म्हणून पोरगाही जाणार. शाळा सुटली. ताफ्यात त्या दिवशी कुणाला साधी शिंकही आली नाही.

त्यावर तुम्ही काय करावं? दुसरं पद भराल, रात्रीचा डॉक्टर पक्का कराल असं मला वाटलं होतं. तुम्ही होता तोही देऊन टाकला.

आरोग्य केंद्रातला डॉक्टर म्हणजे काय चीज असते ते मराठवाड्याच्याच माणसानं दाखवलंय. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला होते. तिथं लाल विंचू चावून माणसं मरायची. हा माणूस पेशंटच्या उशाशी रात्र-रात्र बसला, नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन ह्या साध्या गोळीनं जीव वाचतो हे त्यानं जगाला दाखवलं. ‘लॅन्सेट’नं ते छापलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. हे घडलं कारण ते रात्री तिथं होते.

दुसरं गाऱ्हाणं शिबिराचं. मागच्या वर्षीच्या शिबिरात मी स्वतः टेबलावर बसून रक्तदाब मोजले. बायकांचे आकडे बघून मला धडकी भरली. प्रत्येकीला दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. अकराव्या दिवशी काय? रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते, हे मी तुम्हाला सांगायचं? त्यातल्या एकीचा दिवाळीनंतर डावा हात आणि पाय गेला. ज्यांच्या तपासणीत काही निघालं त्यांना चिठ्ठी मिळाली, आणि चिठ्ठीवर नाव मांडवाच्या कमानीवर ज्याची जाहिरात होती त्याच खासगी दवाखान्याचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मोफत होईल म्हणून बाया गेल्या. आधीच्या तपासण्यांचे पैसे मात्र भरावे लागले. चष्मे वाटलेत ते चांगलं झालं, त्याबद्दल आभार. पण शिबिर म्हणजे दवाखाना नव्हे, आणि हे तुम्हीच एके काळी आम्हाला शिकवत होता. साथीच्या वेळी एक दिवस येऊन फोटो काढून जाणाऱ्या पुढाऱ्यांची तुम्ही बाकावरच्या पेशंटसमोर नक्कल करायचा. चांगली करायचा.

तिसरं, पत्रांचं. तुमच्या जुन्या दवाखान्यात आता संपर्क कार्यालय आहे. बाक तोच, त्यावर बसलेली माणसंही तीच; फक्त आता ती तपासून घ्यायला येत नाहीत, पत्र घ्यायला येतात. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी पत्र, पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात खाट मिळावी म्हणून पत्र, बिल कमी व्हावं म्हणून पत्र. पेशंट तिकडं आयसीयूत आणि पोरगा इकडं साहेब कधी येतील म्हणून बसलेला. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या, ही योजना उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून लागू आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा फुकट आहे. हे सगळं लोकांच्या हक्काचं आहे. तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर ह्यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. तिथं आहे तो तुम्ही मिळवून दिलेल्या मदतीचा फलक, रुग्णाच्या नावासकट आणि आजारासकट. एखाद्या बाईला कसला कॅन्सर झालाय हे गावानं फलकावर वाचायचं? डॉक्टर असताना तुम्ही शेजारणीसमोरसुद्धा पेशंटचं दुखणं बोलत नव्हता.

नांदेडचं एकच विचारते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं दगावली, त्यांत १२ नवजात बाळं. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला, साऱ्या देशानं तो व्हिडिओ बघितला. तुम्ही त्या दिवशी काही बोलाल म्हणून मी रात्रीपर्यंत बातम्या लावून बसले. डॉक्टर म्हणून तुम्हाला अपमान वाटला असेल, आमदार म्हणून औषधखरेदी आणि रिकाम्या पदांबद्दल विचारायला पाहिजे होतं. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. आता मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालंय, जालना आणि हिंगोलीचं २०२४ ला सुरू झालं. आनंदच आहे. पण कॉलेज आलं की जुना जिल्हा दवाखाना त्याला जोडला जातो आणि खालच्या केंद्रांतली माणसं वर ओढली जातात. लातूरला कॉलेज झालं तेव्हा जिल्हा रुग्णालय गेलं, आणि ते परत मिळावं म्हणून लातूरकरांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. आमचे डॉक्टरही असेच वर गेले. कॉलेज आणि आरोग्य केंद्र ही दोन्ही पाहिजेत, एकाच्या जिवावर दुसरं नको.

शेवटचं ऊसतोडीच्या बायांचं, आणि ते माझ्यासाठी सगळ्यात वरचं आहे. दसरा तोंडावर आलाय. आठ-पंधरा दिवसांत ट्रॅक्टर भरतील, निम्म्या तांड्याला कुलूप लागेल. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारच्या समितीनं पाहणी करवली. ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यात पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम त्या जिल्ह्यात झाला. बरं झालं. पण बाई पिशवी काढायला का जाते ते नियमानं सुटत नाही. फडात आडोसा नाही, पाणी नाही, खाडा केला तर दंड, अंगावरून पांढरं जातंय म्हणून खासगीत गेली की कॅन्सर होईल म्हणून भीती घालतात. तिला ‘बाई, हे गोळ्यांनी बरं होतंय’ असं सांगणारं माणूस आरोग्य केंद्रातच भेटतं, नाहीतर कुठंच नाही. निघायच्या आधी ह्या बायांची तपासणी, गरोदर असेल तिचं कार्ड, लोहाच्या गोळ्या, पोरांच्या लसी हे सगळं ह्याच पंधरवड्यात व्हायचं असतं. आणि नेमक्या ह्याच पंधरवड्यात तुम्ही डॉक्टर काढून घेतला.

तर आमचं मागणं असं.

प्रतिनियुक्तीचा आदेश तुमच्या पत्रानं झाला, तो तुमच्याच पत्रानं रद्द करून घ्या. दसऱ्याच्या आत. दुसरं पद त्यानंतर दिवाळीपर्यंत भरा, बंधपत्राचा डॉक्टर मिळाला तरी चालेल.

यंदाच्या आमदार निधीतून पहिलं काम दोन्ही क्वार्टरच्या दुरुस्तीचं आणि पाण्याचं धरा. त्यावर तुमचं नाव मोठ्या अक्षरात टाका, आमची हरकत नाही.

केंद्राचा डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स कुणाच्याही दौऱ्याला देऊ नये. देणं भागच असेल तर त्या रात्री केंद्रात कोण आहे हे आधी लेखी ठरावं. सर्पदंशाच्या, विंचवाच्या, कुत्रं चावल्याच्या औषधाचा साठा रोज बाहेरच्या फळ्यावर लिहावा. तुम्ही सभापती असताना हे होत होतं, तो फळा अजून भिंतीला आहे.

शिबिर घ्यायचंच असेल तर पुढं ढकला आणि त्याचा खर्च ऊसतोडीला निघालेल्या बायांच्या तपासणीवर घाला. मांडव नको, आहे त्या इमारतीत होतं. ज्यांना रक्तदाब-साखर निघेल त्यांच्या वर्षाच्या गोळ्यांची सोय केंद्रातून करा. पुढची चिठ्ठी सरकारी दवाखान्याची द्या.

संपर्क कार्यालयातला रुग्णांच्या नावांचा फलक आजच्या आज उतरवा. त्या जागी धर्मादाय खाटांचा आणि मोफत उपचारांचा नियम लावा, पत्राशिवाय काय काय मिळतं ते लोकांना कळू द्या.

आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात लक्षवेधी लावा: मराठवाड्यातल्या किती आरोग्य केंद्रांचे डॉक्टर प्रतिनियुक्तीवर आहेत, कुणाच्या शिफारशीनं, किती दिवसांपासून. उत्तर येईल तेव्हा त्यात तुमचंही नाव असेल. तरीही विचारा.

हे पत्र २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे आणि त्यावर ठराव घेणार आहे. आशाताई आणि बचतगटाच्या बाया बरोबर आहेत. तुम्ही आलात तर खुर्ची देऊ. नाही जमलं तर उत्तर लेखी पाठवा, तुमच्या सहीचं. पीएचा व्हॉट्सअ‍ॅप नको.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
(तुमची सिस्टर)